अकरा किलोमीटर

गेल्या वर्षीच्या माहितीपुस्तकात छापलं होतं:
'किसुमू शहरापासून फक्त अकरा किलोमीटर.'
यंदा डॉ. वासोंगांनी लाल पेनाने 'फक्त' खोडलं
आणि शेवटी 'दूर' जोडलं.
आकडा तोच राहिला.
रस्ताही तोच; मी रोज जाते-येते.

प्रवेश विभागात मला एकोणीस वर्षं झाली.
अर्जांच्या दिवसांत टेबलावर टाचणी ठेवायला जागा नसे.
कुणाचा फोटो उलटा डकवलेला,
कुणी वडिलांच्या जागी स्वतःच सही ठोकलेली,
अगदी वडिलांसारखी थरथरती.
यंदा दुपारी पंख्याचा आवाज ऐकू येतो.
तो आवाज करतो, हे मला माहीतच नव्हतं.

चौकात तीन टायर जळाले. तीनच.
मी मोजले, कारण माझं घर त्या चौकाच्या मागे आहे
आणि मटाटूवाल्याने आम्हाला तिथेच उतरवलं होतं.
पण ज्याने फोटो काढला त्याने खाली बसून काढला,
त्यामुळे धूर आभाळाएवढा झाला,
आणि धुराच्या कडेला आला आमचा जाहिरातफलक:
टोपी हवेत उडवणारी मुलगी,
खाली 'तुमचं भविष्य इथे आहे'.
आमची माहितीपुस्तकं अजून छापखान्यात होती,
फोटो मोम्बासापर्यंत पोचला होता.

त्या दिवशी आमच्या आवारात काय झालं?
आयबिस पक्षी हिरवळीत चोची खुपसत फिरले.
जीवशास्त्राचा पेपर वेळेवर सुरू झाला,
एक मुलगा कॉपी करताना सापडला.
म्हणजे काही नाही.
पण 'काही नाही' छापायचं कसं?
क्रमवारी लावणाऱ्यांच्या तक्त्यात त्याला रकाना नाही.

न्येरीहून एक वडील फोन करतात. गिचुही त्यांचं नाव.
आधी फी विचारतात, मग वसतिगृह, मग जेवण,
मग थोडं थांबून:
'बाई, आमच्यासारख्या नावाचा मुलगा तिकडे...'
वाक्य पुरं करत नाहीत.
मीही करत नाही.
माझ्याकडे छापील उत्तर आहे,
'परिसर शांत व सुरक्षित आहे.'
ते जोरात वाचलं तर खोटं वाटतं,
हळू वाचलं तर आणखीनच.
मग मी सांगते, त्याला माशांची सवय करावी लागेल हं,
आठवड्यातून तीनदा ओमेना असते, बोटाएवढी,
डोक्यासकट खातात.
ते हसतात.
हसणं म्हणजे अर्ज नव्हे.

सोमवारच्या बैठकीत आकडे वाचले गेले.
वासोंगा म्हणाले, नवा फोटो हवा, सरोवरावरचा सूर्यास्त.
कुणीतरी म्हणालं, पत्त्यातून शहरच काढून टाकू.
इतिवृत्त मी लिहिते. लिहिलं:
'शहर काढण्याबाबत सविस्तर चर्चा झाली.'

मर्सलीनचा अर्ज तीन दिवस माझ्या पिशवीत आहे.
माझी धाकटी. भूगोल घ्यायचाय तिला,
पण इथे नाही, एल्डोरेटला.
का गं, विचारलं.
'आई, तिकडे शांत असतं ना.'
छापील उत्तर जिभेवर आलं होतं.
मी पाणी प्यायले.

चौकात डांबरावर तीन काळी वर्तुळं राहिलीत.
एकावर कणसंवालीने शेगडी मांडली आहे,
जागा तापलेलीच होती, म्हणते.
तिचं गिऱ्हाईक म्हणजे संध्याकाळी परतणारी आमची मुलं.
कणसाला मीठ-मिरची चोळत विचारते,
'यंदा किती येतील? किती पोती सांगून ठेवू?'
आण, म्हणाले मी.
चार पावलं पुढे जाऊन वळले.
थोडी कमी आण.